कलावंताला दिलेले दान

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत एक अर्ज वाचला गेला. अर्जदार मुलगी आमच्याच वसई भागातील, भाजीपाल्याच्या वाडीवर पोट असलेल्या घरातली. वय बावीस. लहानपणापासून ती चर्चच्या गायकवृंदात गात आली होती. मुंबईच्या एका गायनशिक्षिकेने तिचा आवाज ऐकला आणि हा सोप्रानो, म्हणजे स्त्रीस्वरातील सर्वांत उंच पट्टीचा आवाज, ऑपेरासाठी घडवता येईल असे मत दिले. शिकवणीची फी, पियानोवर साथ करणाऱ्याचे मानधन, इटालियन आणि जर्मन भाषांचे वर्ग, रेल्वेचा पास असा सगळा खर्च अर्जात सरळ मांडला होता. मी तेव्हा मंडळाचा चिटणीस होतो. अर्ज मीच वाचून दाखवला.

वाचन संपल्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक निवृत्त मास्तर उठले. मंडळात त्यांच्या शब्दाला मोठा मान होता. ते म्हणाले, "चिटणीस, आपल्या यादीत डायलिसिसवर असलेले तीन रुग्ण आहेत. त्यांतल्या एकाला गेल्या महिन्यात आपण नाही म्हटले. आता गाण्याला हो कोणत्या तोंडाने म्हणायचे?"

या प्रश्नाला कोणापाशी उत्तर नव्हते, माझ्यापाशीही नव्हते. अखेर एक वाट निघाली. शिक्षणासाठी म्हणून एका दात्याने वेगळी ठेवलेली रक्कम होती, तीतून दोन वर्षे मदत द्यावी असे ठरले. परंतु "गावाचा पैसा गावाला परत मिळायला हवा" असा सूर निघाला, म्हणून मी एक अट सुचवली: शिक्षण संपल्यावर अर्जदाराने पाच वर्षे आपल्या गायकवृंदाला शिकवावे आणि त्या काळात धर्मग्राम सोडून जाऊ नये. अटीचा मसुदा माझ्या हातचा होता. सर्वांचे समाधान करणारी युक्ती आपल्याला सुचली याचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला.

त्या एका बैठकीत दोन प्रश्न होते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. भूक आणि आजार समोर असताना कलेला दान द्यावे काय, हा पहिला. दान दिल्यानंतर घेणाऱ्यावर आपला हक्क किती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर आपण तावातावाने बोलतो. दुसरा मात्र कोणाच्या लक्षात न येता एखाद्या अटीच्या मसुद्यात परस्पर सुटून जातो.

पहिल्या प्रश्नापाशी आपल्याला बेथानीचा प्रसंग हटकून आठवतो. मरिया प्रभूच्या चरणांना मोलाचे सुगंधी तेल लावते. ते तीनशे दीनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असा आक्षेप यूदास घेतो आणि प्रभू त्या स्त्रीची बाजू घेतो. सौंदर्यासाठी केलेल्या खर्चाच्या समर्थनार्थ हा प्रसंग अनेकदा सांगितला जातो. मला मात्र तो इतक्या सहजपणे वापरवत नाही. मरियेने स्वतःचे तेल दिले होते. आमच्या हाती दुसऱ्यांनी विश्वासाने सोपवलेला पैसा होता. शिवाय आक्षेप घेणाऱ्या यूदासाचा हेतू शुद्ध नव्हता, हे शुभवर्तमानकारच आपल्याला सांगतो. आमच्या मास्तरांचा हेतू निखळ होता. कोणी गरिबांच्या वतीने बोलला की त्याला यूदासाच्या पंक्तीला बसवायचे, हा वाद जिंकण्याचा स्वस्त मार्ग झाला.

मास्तरांचे म्हणणे त्याच्या पूर्ण वजनासह मान्य करायला हवे. डायलिसिसवरचा रुग्ण पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू शकत नाही. गाणे थांबू शकते, निदान तसे दिसते. जीव आणि स्वर यांना एकाच तराजूत घातले, तर पारडे कोणीकडे झुकेल याविषयी शंका नको. परंतु तराजू मांडण्याची ही रीत तरी बरोबर आहे काय? गाणे नंतर पाहू असे आपण म्हणतो, तेव्हा गाणे जगातून नाहीसे होत नाही. ते फक्त ज्यांच्या घरी पैसा आहे त्यांच्या मुलांपुरते उरते. आपण गरिबाच्या मुलाला पोट आहे हे मानतो, त्याला शरीर आहे आणि ते आजारी पडते हेही मानतो. परंतु त्याला गळा आहे आणि त्या गळ्यात देवाने काही ठेवले असण्याचा संभव आहे, हे मानायला कचरतो. गरिबाला केवळ जिवंत ठेवणारे दान त्याला जिवंत राहण्यापुरताच माणूस समजते. म्हणून माझ्या मते प्रश्न भाकरी की गाणे असा नाही. गाणे कोणाच्या मुलांनी गायचे, असा आहे.

दोन्ही गोष्टी एका हाताने करणारी माणसेही होऊन गेली. इंग्लंडची थोर गायिका कॅथलीन फेरियर हिने तरुणपणी ब्लॅकबर्न येथे टेलिफोन केंद्रात नोकरी केली होती. १९५३ साली वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी ती कर्करोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ एक निधी उभा राहिला तो कर्करोगाच्या संशोधनासाठी, आणि दुसरा तरुण गायकांना साहाय्य करण्यासाठी. या दुसऱ्या निधीतून १९५६ पासून पारितोषिके दिली जाऊ लागली. तिला ओळखणाऱ्यांना तिचे आजारपण आणि तिचा आवाज यांतून एकाचीच निवड करावीशी वाटली नाही.

आणि संगीताला दिलेले दान ही काही श्रीमंतांची अलीकडची हौस नव्हे. आज ज्या संस्थांत ऑपेराचे गायक तयार होतात, त्यांना 'कॉन्झर्वेटरी' म्हणतात. हा शब्द आला इटालियन 'कॉन्सेर्व्हातोरिओ'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ आहे सांभाळण्याची जागा. सांभाळायचे कोणाला? अनाथांना. सोळाव्या शतकात नेपल्स शहरात रस्त्यावरच्या पोरक्या मुलांसाठी अशी चार आश्रयस्थाने निघाली. त्यांतले सांता मारिया दि लोरेतो हे १५३७ सालचे. एकाचे नाव तर 'येशू ख्रिस्ताचे गरीब' असेच होते. मुलांना अन्नवस्त्र आणि एखादा धंदा शिकवणे हा मूळ हेतू. पुढच्या शतकात तिथे संगीताचे शिक्षण सुरू झाले आणि बघता बघता ही अनाथालये साऱ्या युरोपची संगीतशाळा झाली. 'स्ताबात मातेर'ला अमर स्वररूप देऊन १७३६ साली सव्विसाव्या वर्षी जगाचा निरोप घेणारा पेर्गोलेसी हा त्या 'येशू ख्रिस्ताच्या गरिबां'च्या संस्थेचाच विद्यार्थी.

ही कथा इथेच थांबवली तर ती फार गोड होते. परंतु तिची दुसरी बाजू आपण ख्रिस्ती माणसांनी तरी झाकू नये. मुले गाऊ लागली तेव्हा त्यांच्या गाण्याला मागणी आली. मिरवणुकीत, उत्सवात, अंत्ययात्रेत गाण्यासाठी त्यांना पाठवले जाई आणि त्यांची मिळकत संस्थेच्या खर्चाला लागे. म्हणजे ज्यांना सांभाळायचे, तीच मुले संस्थेला सांभाळू लागली. या शाळांतून शिकणाऱ्यांत असे मुलगेही होते, की ज्यांचा कोवळा आवाज टिकावा म्हणून त्यांच्या शरीरावर शस्त्र चालवण्यात आले होते. हे कृत्य धर्मसभेच्या नियमांनुसार निषिद्ध होते. तरीही अशा गायकांचे स्वर आपल्या चर्चमधून, खुद्द सिस्टीन चॅपेलमधूनही, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत घुमत राहिले. त्यांतला अखेरचा प्रसिद्ध गायक अलेस्सांद्रो मोरेस्की १९२२ साली निवर्तला. गरीब आईबापांनी मुलाच्या गळ्याकडे घराण्याचे नशीब म्हणून पाहिले, आणि ऐकणाऱ्यांनी कानावर हात न ठेवता डोळ्यांवर ठेवले. दानातून परतफेडीची अपेक्षा जन्मली की ती माणसाला कुठवर नेऊ शकते, याची ही टोकाची साक्ष आहे.

इथून आपण दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. दान दिलेल्यावर आपला हक्क किती? याचे उत्तर शोधताना मला एकाच माणसाच्या आयुष्यात तीन प्रकारचे दाते भेटले. तो माणूस म्हणजे जुझेप्पे व्हेर्दी.

व्हेर्दीचा जन्म १८१३ सालचा, उत्तर इटलीतील बुसेतो गावाजवळच्या ले रोंकोले या खेड्यातला. वडील खानावळ चालवीत. मुलाला वाजवण्यासाठी घरात एक जुने, मोडके स्पिनेट आणले होते. स्पिनेट म्हणजे पियानोची लहानखुरी पूर्वज. १८२१ साली काव्हालेत्ती नावाच्या एका कारागिराने ते दुरुस्त केले आणि मजुरी घेतली नाही. मुलाची शिकण्याची ओढ हीच आपली मजुरी, अशा अर्थाची नोंद त्याने त्या वाद्याच्या आतच लिहून ठेवली. वाद्य उघडल्याखेरीज ती कोणाला दिसणार नव्हती. हा पहिला दाता.

दुसरा आंतोनियो बारेत्सी. बुसेतोचा किराणा मालाचा आणि मद्याचा घाऊक व्यापारी, गावच्या वाद्यवृंदाचा आधारस्तंभ. त्याने व्हेर्दीला स्वतःच्या घरात ठेवून घेतले. मुलाला मिलानला पाठवायचे ठरले तेव्हा गावच्या 'मोंते दि पिएता' या संस्थेकडे अर्ज केला गेला. गरिबांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रेरणेने पंधराव्या शतकापासून इटलीत गावोगाव निघालेल्या या धर्मादाय पेढ्या. बुसेतोची संस्था हुशार, गरीब मुलांना शिष्यवृत्त्याही देत असे. व्हेर्दीला वर्षाला ३०० लिरे याप्रमाणे चार वर्षांची शिष्यवृत्ती मंजूर झाली. पण ती लगेच सुरू होण्यासारखी नव्हती, म्हणून मधल्या काळाचा भार बारेत्सीने उचलला. १८३२ सालच्या जून महिन्यात मिलानच्या संगीतशाळेने व्हेर्दीला प्रवेश नाकारला. वय जास्त, दुसऱ्या राज्याचा रहिवासी, आणि पियानोवर हात ठेवण्याची पद्धत सदोष. मग लाव्हिन्या या गुरूकडे खासगी शिक्षण सुरू झाले. हे लाव्हिन्या नेपल्सच्या त्या सांता मारिया दि लोरेतोमध्येच घडलेले. खासगी शिक्षणाचा खर्च शाळेपेक्षा अधिक. तोही बारेत्सीने सोसला.

तिसरा दाता म्हणजे बुसेतो गाव. चर्चच्या संगीतप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा १८३४ साली धर्माधिकाऱ्यांनी व्हेर्दीला डावलून दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक केली आणि गावात दोन तट पडले. व्हेर्दीच्या बाजूचे लोक त्याच्यासाठी हिरिरीने भांडले. परंतु पुढच्याच वर्षी मोंत्सा येथे चांगली जागा मिळण्याची संधी आली, तेव्हा त्याच लोकांनी त्याच्या तोंडावर उपकार फेकले. गावाने शिकवले आणि हा कृतघ्न निघाला, असा गिल्ला झाला. त्याला बळाने अडवून ठेवण्याची भाषाही झाली. बारेत्सीला अडचणीत टाकायचे नाही म्हणून व्हेर्दीने मोंत्सा सोडले आणि १८३६ साली बुसेतोची नगरसंगीतकाराची नोकरी पत्करली. करारात मधेच मुक्त होण्याची मुभा होती. तिचा आधार घेऊन तो १८३८ साली बाहेर पडला. चार वर्षांनी, १८४२ साली, मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचे 'नाबुक्को' रंगले आणि इटलीला तिचा संगीतकार मिळाला.

बुसेतोने मात्र हिशेब मिटवला नाही. गावाला व्हेर्दीच्या नावाचे नाट्यगृह हवे होते, आणि त्याने त्याला हातभार लावणे हे आपले येणे आहे असे गाव मानत होते. व्हेर्दीला ही उधळपट्टी वाटे. शिष्यवृत्तीचे ऋण आपण नाकारीत नाही, परंतु गावाचे नाव आपण मानाने जगभर नेले हे त्या रकमेला भारी आहे, अशा अर्थाचे त्याने संतापून लिहिले. शेवटी त्याने १०,००० लिरे दिले. १८६८ साली नाट्यगृहाचे उद्घाटन झाले. व्हेर्दीने त्यात कधी पाऊल टाकले नाही.

आणि बारेत्सी? त्याने कधी काही मागितल्याचे दिसत नाही. १८४७ साली व्हेर्दीने आपला 'मॅक्बेथ' हा ऑपेरा त्यालाच अर्पण केला. बारेत्सीची मुलगी व्हेर्दीला दिलेली होती. ती आणि दोन्ही लहानगी लेकरे दोन वर्षांच्या आत मृत्यूने नेली होती. नात्याचा धागा असा तुटल्यावरही कृतज्ञतेचा धागा तुटला नाही. ज्याने मागितले नाही त्याला ऑपेरा मिळाला, आणि ज्याने मागितले त्याला पैसे मिळाले.

याचा अर्थ न मागणे ही अधिक मिळवण्याची हुशारी आहे असा कोणी घेऊ नये. बारेत्सीला व्हेर्दीकडून काहीच मिळाले नसते, तरी त्याचे दान उणे ठरले नसते. मला एवढेच म्हणायचे आहे, की कृतज्ञता ही वसूल करता येत नाही. ती वसूल करायला गेले की तिचे कर्जात रूपांतर होते. कर्ज फिटते आणि माणसे एकमेकांना मुकतात.

संगीतकार हायडनची गोष्ट याच्याशी ताडून पाहावी. चाके बनवणाऱ्या सुताराचा हा मुलगा व्हिएन्नाच्या संत स्तेफान कॅथेड्रलमध्ये बालगायक होता. वयात येताना आवाज फुटला आणि १७४९ च्या सुमारास त्याला बाहेर काढले गेले. अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलेल्या या तरुणाला श्पांगलर नावाच्या एका गरीब गायकाने माळ्यावरच्या आपल्या बिऱ्हाडात जागा दिली. त्याच्या घरी बायको आणि तान्हे मूल होते. जागा मुळात त्यांनाच पुरत नव्हती. याच हलाखीत बुखहोल्त्स नावाच्या गृहस्थाने हायडनला १५० फ्लोरिन बिनव्याजी दिले. हायडनने ते पुढे फेडले. व्यवहार तिथे संपला. तरीही अर्धशतकानंतर, १८०१ साली मृत्युपत्र करताना, कीर्तीच्या शिखरावर असलेल्या हायडनने बुखहोल्त्सच्या नातीच्या नावे १०० फ्लोरिन ठेवले आणि कारणही लिहिले: तिच्या आजोबांनी आपल्याला गरजेच्या वेळी बिनव्याजी पैसे दिले होते आणि ते आपण केव्हाच परत केले आहेत. फिटलेल्या कर्जाचीही आठवण ठेवावी, असे त्याला वाटले. आणि श्पांगलरच्या घरातली मुलगी? मारिया माग्दालेना मोठी होऊन गाऊ लागली, तेव्हा १७६८ साली हायडनने तिला एस्टरहाझी घराण्याच्या ऑपेरात गायिका म्हणून घेतले. माळ्यावरच्या त्या गरीब घराने दिलेला आसरा असा एका तरुण गायिकेच्या उपजीविकेच्या रूपाने परत आला. श्पांगलरने कोणत्याही कागदावर सही घेतली नव्हती.

मारियन अँडरसन ही कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका फिलाडेल्फियात १८९७ साली जन्मली. वडील लवकर गेले. आई मोलमजुरी करी. तिथल्या एका संगीतशाळेने केवळ वर्णामुळे तिला दारातून परत पाठवले. तेव्हा तिच्या चर्चमधल्या माणसांनी, जी स्वतः हातावर पोट असलेली होती, पैसा पैसा जमवून तिच्या शिक्षणासाठी निधी उभारला. ती चर्चच्या वृंदापुरती राहिली नाही. १९३९ च्या ईस्टर रविवारी वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकापुढे सुमारे ७५,००० लोकांनी तिला ऐकले आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात ती गायली. मधल्या काळात तिला १०,००० डॉलरचे एक पारितोषिक मिळाले, ते तिने तरुण गायकांच्या साहाय्यासाठी ठेवून दिले. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कॅमिला विल्यम्स होती. तिने १९४६ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरात प्रमुख भूमिका केली. अँडरसनच्या चर्चला आपली गायिका 'परत' मिळाली नाही. तिच्यासारख्या आणखी मुली मात्र गाऊ लागल्या.

कोणी म्हणेल, तुम्ही सगळी यशस्वी माणसे मोजलीत. आक्षेप रास्त आहे. व्हेर्दी एखादाच निघतो. ऑपेरासाठी शिकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला रंगमंच येत नाही. त्यातही गायकाची स्थिती अधिक नाजूक. व्हायोलिन उसने मिळते, गळा उसना मिळत नाही. आवाज पिकायला विशी उलटावी लागते, काहींना तिशी; आणि नेमक्या याच वयात घर त्यांच्याकडून कमाईची अपेक्षा करते. एखादे आजारपण, चुकीच्या पट्टीत गाण्याचा हट्ट, की वर्षांची मेहनत वाया. मग अशांना दिलेले दान बुडाले म्हणायचे का? तसे म्हटले तर ते दान नव्हतेच, ती गुंतवणूक होती. आपण कोणा आजाऱ्याला औषध देतो आणि तो वाचत नाही, तेव्हा औषध फुकट गेले असे आपण म्हणत नाही. एका माणसाला स्वतःमधल्या देणगीचा तळ शोधण्याची संधी मिळाली. तळ उथळ निघाला तरी संधी खरी होती.

मग दात्याने डोळे मिटून द्यावे काय? मुळीच नाही. विश्वस्तांच्या हातचा पैसा दुसऱ्याचा असतो आणि त्याचा हिशेब मागणे हे त्यांचे कर्तव्य आहे. फी भरली की नाही, वर्गाला हजेरी आहे की नाही, शिक्षकाचे मत काय, हे विचारावे. अर्जदार निवडताना ओळखपाळख न पाहता जाणकारांकडून पारख करून घ्यावी. प्रगती नसेल तर पुढचे साहाय्य थांबवावे, आणि तसे तोंडावर सांगावे. हा झाला पैशाचा हिशेब. परंतु शिकून झाल्यावर त्याने कुठे राहावे, कोणासाठी गावे, कोणाला नमस्कार करावा, हा त्याच्या आयुष्याचा हिशेब झाला. तो ठेवण्याची वही दात्याकडे नसते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत धर्मग्रामांच्या शाळांतून मेस्त्रींनी मुलांना स्वरलेखन शिकवले, हाती व्हायोलिन दिले. त्या परंपरेतून मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांना वादक मिळाले. प्यारेलालसारख्या शिष्याला व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. मुलगा मुंबईला गेला म्हणून शिकवणे फुकट गेले असे मानले असते, तर पुढच्या मुलाच्या हाती व्हायोलिन आलेच नसते.

व्हेर्दीने हे स्वतःच्या दानात पाळले. उतारवयात त्याने मिलानमध्ये वृद्ध, निर्धन संगीतकारांसाठी एक विश्रामगृह बांधले आणि आपल्या कृतींचे मानधन त्याला लावून दिले. इमारत १८९९ साली तयार झाली. परंतु रहिवाशांनी आपले आभार मानावेत हे त्याला नको होते, म्हणून आपल्या मृत्यूपूर्वी दार उघडायचे नाही असा त्याचा आग्रह होता. १९०१ साली तो गेला. १९०२ साली दार उघडले. त्या घरात आता वृद्धांच्या सोबतीला काही तरुण संगीत विद्यार्थीही राहतात. उपकारकर्त्याने आयुष्यात कसे वागू नये हे बुसेतोने त्याला शिकवले होते, आणि तो धडा तो विसरला नाही.

आता माझ्या बैठकीकडे परत येतो. आमच्या अर्जदार मुलीने दोन वर्षे जीव ओतून अभ्यास केला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तिला परदेशातल्या एका संगीतशाळेत पुढील शिक्षणासाठी जागा मिळाली, फी माफीसह. ती निरोप घ्यायला आली तेव्हा मंडळात कुजबुज झाली. आधी गावाचे फेडू दे, मग जा म्हणावे. चिटणीस म्हणून अटीची आठवण देणारे पत्र मी लिहिले. भाषा सौम्य होती. अट तीच होती. आमच्या कागदात मधे मुक्त होण्याची मुभा नव्हती. बुसेतोच्या करारातही ती होती, हे मी पुढे वाचले.

ती गेली नाही. पाच वर्षे तिने गायकवृंदाला शिकवले. एकदाही चुकली नाही, एकदाही तक्रार केली नाही. पाच वर्षे पुरी झाली तेव्हा तिची तिशी जवळ आली होती आणि ती जागा केव्हाच दुसऱ्या कोणाला मिळाली होती. गेली असती तर ती रंगमंचावर पोहोचली असती की नाही, हे मला सांगता येणार नाही. कदाचित नसतीही. परंतु ते पाहण्याचा अधिकार तिचा होता आणि तो मी एका वाक्याने काढून घेतला. त्या पत्राची प्रत मास्तरांनी वाचली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "चिटणीस, मी रुग्णांसाठी भांडलो होतो. मुलीला बांधून ठेवा असे मी म्हटले नव्हते." गाण्याला विरोध करणाऱ्या त्या माणसाला दान म्हणजे काय, हे गाण्याची बाजू घेणाऱ्या माझ्यापेक्षा अधिक कळले होते.

ती आता एका शाळेत संगीत शिकवते. रविवारी मिस्सानंतर भेटली की "सर, बरे आहात ना?" असे विचारते. मी बरा आहे असे सांगतो. याहून अधिक बोलण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

यंदा एका मुलाचा अर्ज आला आहे. त्याला व्हायोलिन शिकायचे आहे. आमच्या छापील अर्जात ती पाच वर्षांची अट, माझ्याच शब्दांत, अजून तशीच आहे. येत्या बैठकीत ती काढून टाकण्याचा ठराव मी मांडणार आहे. आणि ठरावाला कारण काय द्यायचे असे कोणी विचारले, तर तिची परवानगी घेऊन मी तिची हकिगत सांगणार आहे. त्यासाठी मला आधी तिच्या घरी जावे लागेल.